रुग्णाच्या समाचारास जाताना

(समाजाच्या वार्षिक संमेलनात भिवापूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या चिटणीसांनी आम्हांस ‘समाज व शिक्षण’ या विषयावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली होती. आम्ही जन्मभर प्राथमिक शाळेत खडू झिजविला, तेव्हा त्यांनी हा विषय सुचवावा हे स्वाभाविकच होते. परंतु त्या विषयावर याच व्यासपीठावरून आमची पाच भाषणे झालेली आहेत आणि सहावे ऐकण्याची शिक्षा आपणांस द्यावी, असा आपला काही अपराध नाही. यास्तव आम्ही विषय बदलून मागितला. आजारी माणसाच्या समाचारास आपण कसे जातो, आणि कसे जावयास हवे, याविषयी आम्ही बोलणार आहोत. आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त मास्तर आहोत. मात्र रुग्णालयाच्या व्हरांड्यात आमचे बरेच दिवस व बऱ्याच रात्री गेल्या आहेत, तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

आपले भिवापूर नागपुरापासून सुमारे ७५ किलोमीटरवर. मोठे दुखणे आले की नागपूर गाठावयाचे, हा येथला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. आमच्या बालपणी त्यासाठी छोटी लाईन होती. नागभीडकडून येणाऱ्या त्या नॅरोगेज गाडीत रोग्यास बाकावर आडवे करीत, सोबतचे लोक उभे राहत, आणि गाडी आपल्या मर्जीने उमरेड घेऊन इतवारीस पोहोचे. आमच्या वडिलांस १९७१ साली असेच मेयो रुग्णालयात नेले होते. आम्ही तेव्हा लहान होतो, तरी दोन गोष्टी ध्यानात राहिल्या आहेत. गाडीतल्या एका अनोळखी गृहस्थाने वडिलांच्या डोक्याखाली आपली पडशी दिली, ही एक. आणि आमच्या आईने झाडाखाली तीन दगडांच्या चुलीवर शिजविलेली खिचडी, ही दुसरी. ती छोटी लाईन रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाली. त्याच्या पाच वर्षे आधी, २०१४ मध्ये, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात सुरू झाली होती. आज गावातच ग्रामीण रुग्णालय आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचाही पैसा पडत नाही. म्हणजे रोग्यास रुग्णालयापर्यंत पोहोचविण्याची सोय पूर्वीपेक्षा कितीतरी सुधारली. पोहोचल्यानंतर त्याच्यापाशी बसावयाचे कोणी, हा प्रश्न मात्र आईच्या चुलीपासून आजतागायत जसाच्या तसा आहे.

आता आमच्या घरची हकीकत सांगतो. घरातले दुखणे चारचौघांत मांडू नये असे आम्हांस शिकविले गेले आहे; पण ज्यांचे दुखणे त्यांनीच परवानगी दिली आहे.

२०१६ च्या पावसाळ्यात आमच्या पत्नीच्या पोटात एकाएकी असह्य दुखू लागले. येथील ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी पोटास हात लावताच हे येथले काम नव्हे हे ओळखले, सलाईन लावले, चिठ्ठी लिहून दिली आणि रुग्णवाहिका बोलाविली. अर्धा तास वाया गेला असता तर आज आम्ही हे भाषण करीत नसतो, असे पुढे आम्हांस सांगण्यात आले. आतड्यास पीळ पडला होता. नागपुरातील एका मोठ्या रुग्णालयात त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली आणि पुढे सतरा दिवस आमचा मुक्काम तेथे पडला. त्या रुग्णालयाचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. जे सांगावयाचे आहे ते भिंतींविषयी नाही, आपल्याविषयी आहे.

हजेरीपट मांडण्याची आमची जुनी खोड. रिकामा वेळ पुष्कळ, म्हणून आम्ही एका वहीत कोण भेटीस आले, केव्हा आले, किती वेळ बसले, हे टिपून ठेवू लागलो. सतरा दिवसांत त्र्याहत्तर माणसे आली. त्यांपैकी अडुसष्ट आपल्या समाजाची. इतक्या लांबून, पावसात, कामधंदा टाकून लोक आले. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत, आणि पुढे जे बोलणार आहोत त्याने ती कृतज्ञता उणावत नाही. परंतु वही खोटे बोलत नाही. बहुतेक सर्व मंडळी चार ते सहाच्या भेटीच्या वेळेत आली. सहा-सहा, आठ-आठ जण एका खाटेभोवती उभे राहिले. प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, ‘झाले काय होते?’ आणि आमच्या पत्नीने त्या ओल्या जखमेसह तीच कथा पहिल्यापासून पुन्हा सांगितली. तोंडाने पाणीही देऊ नये अशी डॉक्टरांची आज्ञा असताना खाटेखाली केळी साचली, अकरा डझन. मोसंबी वेगळी. एका आप्ताने अशाच पिळाने आपल्या मामेसासऱ्यांचा अंत कसा झाला, हे सविस्तर कथन केले. दुसऱ्यांनी हे रुग्णालय सोडून अमुक डॉक्टरकडे हलवा, असे बजावले आणि साडेपाचची गाडी गाठण्यासाठी ते निघून गेले. आम्ही वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात पुढे वाचले की, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली ‘नोट्स ऑन नर्सिंग’ लिहिले, तेव्हा रोग्यास खोटा धीर आणि फुकट सल्ला देणाऱ्या भेटणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरण घातले. क्रिमियाच्या युद्धानंतर त्या स्वतः कित्येक वर्षे अंथरुणास खिळून होत्या. तेव्हा त्यांनी हे अनुभवानेच लिहिले असले पाहिजे. विलायतेतही लोकांची तऱ्हा हीच, हे वाचून आम्हांस थोडे बरे वाटले.

सहा वाजता घंटा होई आणि वॉर्ड रिकामा होई. खरे रुग्णालय त्यानंतर सुरू होते. तो स्त्रियांचा वॉर्ड. रात्री तेथे पुरुषास थांबण्याची मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. आमची मुलगी गोंदियास, नववा महिना लागलेली. सूनबाईंच्या मांडीवर अडीच महिन्यांचे मूल. आम्ही जिन्याखाली सतरंजी टाकून पडत असू आणि वरून ‘खाट नंबर बावीसचे नातेवाईक’ अशी हाक आली की धावत असू. कधी औषधाची चिठ्ठी, कधी रक्ताचा नमुना पोहोचवावयाचा, कधी स्ट्रेचरला हात लावावयाचा. रात्रपाळीस दोन परिचारिका आणि खाटा चाळीसच्या वर. त्या दोघी कोणाकोणास पाणी देणार, कोणाकोणास कूस बदलून देणार? म्हणूनच रुग्णालय नातेवाइकावर विसंबून असते, आणि ज्याचा नातेवाईक आत नाही तो रोगी तेवढा उघडा पडतो. ही गोष्ट नियमांत कोठे लिहिलेली नाही. परंतु तेथे एक रात्र काढलेल्या प्रत्येकास ती ठाऊक आहे.

तिसऱ्या रात्री आम्ही दाराशी उभे होतो. आतून पत्नीचा कण्हण्याचा आवाज येत होता आणि आत जाता येत नव्हते. तेव्हा शेजारच्या एकवीस नंबरच्या रुग्णेची मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, ‘तुमी जा गुरुजी, पडा जराशे. मी हावो ना अठी.’ ती पवनीकडची. हंगामात आपल्याच भिवापुरात मिरचीच्या सातऱ्यावर देठ मोडण्यास येणारी. आपण मिरचीचा अभिमान बाळगतो. तिला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण पेढे वाटले. पण दिवसभर ती मिरची मोडणाऱ्या बायांचे हात रात्री कसे जळतात हे आम्हांस त्या मुलीने सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. त्या हातांनी तिने पुढच्या चौदा रात्री आमच्या पत्नीचे सर्व केले. सर्व म्हणजे काय, हे येथे बसलेल्या भगिनींस सांगावे लागणार नाही. स्वतःच्या आईचे करून मग आमच्या घरचे.

ती आपल्या समाजाची नव्हती. तिची जात सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र आम्ही ती विचारली होती, एवढे कबूल करतो. चौथ्या दिवशी सकाळी, तिने दिलेला चहाचा पेला हातात असताना विचारली. पस्तीस वर्षे मुलांस समतेचे धडे शिकविलेल्या माणसाच्या तोंडून तो प्रश्न निघाला. तिने उत्तर दिले आणि आमच्या हातातील पेल्याकडे पाहत राहिली. आम्ही चहा प्यालो. त्या क्षणी आमच्या मनात काय आले होते, हे तिला कळले असावे.

रक्ताच्या दोन पिशव्यांची गरज पडली, तेव्हा एक आमच्या जावयाने दिली आणि दुसरी तिच्या भावाने. त्या दिवशी दुपारी आपल्या समाजाचे नऊ तरुण भेटीस आले होते. विषय निघताच एकास मधुमेह आठवला, एकाचा उपवास होता, एकाच्या आईने नको म्हणून बजावले होते. त्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. अठरा ते पासष्ट वर्षांच्या धडधाकट पुरुषास तीन महिन्यांनी आणि स्त्रीस चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते, त्याने अशक्तपणा येत नाही, हे आम्ही शाळेत असताना त्याच मुलांस कधी शिकविले होते काय? शिकविले नव्हते.

आणि आता स्वतःविषयी, कारण दुसऱ्यांचे हजेरीपट मांडणाऱ्याने आपलीही गैरहजेरी लपवू नये. १९९८ साली आमचे एक सहशिक्षक नागपुरास आजारी होते. आम्ही डझनभर केळी घेऊन गेलो, तीस मिनिटे बसलो. त्यांची पत्नी तीन रात्री जागलेली, मुले लहान. ते हळूच म्हणाले, ‘आजची रात्र थांबता का?’ आम्ही उत्तरलो, ‘उद्या शाळा आहे.’ दुसऱ्या दिवशी रविवार होता. हे आम्हांस एस.टी.त बसल्यावर आठवले, असे आम्ही पुष्कळ वर्षे स्वतःस सांगत आलो. ते सहशिक्षक बरे झाले, पुढे बारा वर्षे जगले, आमचे रोज बोलणे होते. त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आम्हीही काढला नाही.

रोग्याजवळ आपले माणूस असावे, ही काही आमच्यासारख्या अडाण्याचीच कल्पना नव्हे. आपल्या गावावरून जाणारा हा रस्ता पुढे गडचिरोलीस जातो. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८६ पासून काम करीत आहेत. आदिवासी बांधव रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी त्या लोकांसच विचारले. लोक म्हणाले की, त्या मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यांतली माणसे पाहून प्रेताचे वस्त्र आठवते. आणि आमच्या माणसांस तेथे राहू देत नाहीत. तेव्हा शोधग्राम येथे बंग दांपत्याने झोपड्यांच्या धर्तीवर दवाखाना बांधला, नातेवाइकांस राहण्याची सोय केली आणि त्यास माँ दंतेश्वरीचे नाव दिले. सुशिक्षितांनी ज्यास अडचण समजून बाहेर काढले, त्यास त्यांनी उपचाराचा भाग मानले. आणखी मागे जावयाचे तर नागपुरातच कमलाताई होस्पेट यांचे उदाहरण आहे. अकाली वैधव्य आलेल्या या बाईंनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि वेणूताई नेने यांच्यासह १९२१ साली मातृसेवा संघाची स्थापना केली. पांढरपेशा घरातील स्त्रीने परक्या बाळंतिणीची मलमूत्राची सेवा करणे, हे त्या काळी हलके काम समजले जात होते. सरकारने १९६१ साली त्यांस पद्मश्री दिली. परंतु आम्हांस आठवते ते हे की, त्यांनी त्या कामास लाज मानली नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भेटणाऱ्यांची झुंबड हा डॉक्टरांस त्रासच असतो. ताज्या शस्त्रक्रियेच्या रोग्याजवळ पावसाने भिजलेले, खोकणारे दहा जण उभे राहिले तर जंतूंस वेगळे निमंत्रण लागत नाही. आणि जमाव जमला की जीभ सुटते, कधी हातही. रुग्णालयांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रास २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ही भूषणाची गोष्ट नव्हे. सतरा दिवसांत दारावरच्या रखवालदाराशी आमचेही दोनदा वाजले. नंतर त्याच्याशी ओळख झाली, तेव्हा कळले की तो बारा तास उभा असतो आणि प्रत्येक माणूस त्यास ‘फक्त पाच मिनिटे’ म्हणतो.

मग आले २०२० आणि २०२१. भेटीच बंद झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात खाट मिळणे दुरापास्त झाले, आणि ज्यांस मिळाली ते एकटे आत गेले. आपल्या समाजातीलही काही जण त्या काळात गेले. त्यांची नावे आज सकाळी श्रद्धांजलीत वाचली गेली. त्यांच्यापैकी एका भगिनीने आतून आपल्या मुलास दूरध्वनी केला होता. दुसरे काही सांगावयाचे नव्हते. शेजारच्या खाटेवरील आजीबाईंस फोन लावता येत नाही, त्यांच्या घरी तू कळव, एवढेच. मुलाने कळविले. ते घर कामठीचे होते, ना ओळखीचे ना पाळखीचे.

पत्नी घरी आल्यावर आम्ही ती वही त्यांस दाखविली. त्यांनी सगळी नावे वाचली आणि म्हणाल्या, ‘एवढ्या जणांनी मला पाहिले खरे. पाणी कितींनी दिले, तो रकाना तुम्ही ठेवलाच नाही.’ पुढच्या मिरचीच्या हंगामात ती पवनीची मुलगी सातऱ्यावर आली, तेव्हा आमच्या पत्नी स्वतः जाऊन तिला घरी घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात पाटावर बसवून जेवू घातले. आमच्या घरी असे पूर्वी झाले नव्हते. शेजारी थोडी कुजबूज झाली. ती अजूनही दरवर्षी येते, आणि आता कुजबूज होत नाही. झाली तरी आम्हांस ऐकू येत नाही, वय झाले.

आता प्रस्तावाकडे येतो. गेल्या वर्षी कार्यकारिणीपुढे आम्ही दोन सूचना मांडल्या. नागपुरात मेडिकलच्या परिसरात एक साधी खोली भाड्याने घ्यावी. तेथे दोन पलंग, एक शेगडी आणि न्हाणीची सोय असावी, म्हणजे रोग्याच्या माणसास आंघोळ करून चार तास पाठ टेकता येईल. आणि एक यादी असावी: रात्री थांबू शकणाऱ्यांची, रक्त देऊ शकणाऱ्यांची, आणि जनआरोग्य योजनेची कागदपत्रे समजणाऱ्यांची. रेशनकार्डावर आणि आधारकार्डावर नाव वेगवेगळे असले तर भल्याभल्यांची तारांबळ उडते. तेथे एक जाणता मुलगा शंभर भेटणाऱ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. वधूवर मेळाव्याच्या मंडपावर आपण जो खर्च करतो, त्याच्या निम्म्यात खोलीचे वर्षाचे भाडे भागते. हिशेब कोषाध्यक्षांनीच काढला आहे.

या सूचनांस कोणाचा विरोध नव्हता. विरोध झाला तो तिसऱ्या वाक्यास. खोली आणि यादी भिवापूर तालुक्यातील कोणाही रोग्यासाठी असावी, असे आम्ही लिहिले होते. ‘समाजाचा पैसा समाजासाठी’ असे एका ज्येष्ठ सभासदांनी म्हटले. त्यांचे म्हणणे तर्कास धरून आहे आणि त्यांची तळमळ आम्ही जाणतो. संस्थेच्या घटनेतही तसेच शब्द आहेत. आम्ही त्यांस एवढेच विचारले की, वॉर्डातील खाटा कोणत्या क्रमाने लावतात हे आपण पाहिले आहे काय? एकवीस नंबरच्या खाटेवरची माणसे बावीस नंबरचे करतात तेव्हा ती घटना उघडून पाहत नाहीत. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. विषय पुढील सभेवर ढकलला गेला. ती सभा आज सायंकाळी पाच वाजता याच मंडपात आहे. ठराव कोणत्याही बाजूने होवो, पण तो सर्वांच्या समक्ष व्हावा, अशी आमची विनंती आहे.

यादीस मात्र ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही. चिटणीसांच्या मेजावर एक नवी वही ठेवली आहे. तीत नाव, राहण्याचे ठिकाण, दूरध्वनी आणि रक्तगट असे रकाने आहेत. पाचवा रकाना ‘रात्री थांबू शकाल काय’ असा आहे. काल रात्रीपर्यंत एकोणीस नावे आली. त्यांत स्त्रिया तीन, आणि त्या तिन्ही साठीच्या पुढच्या. स्त्रियांच्या वॉर्डात पुरुष चालत नाही, हे आधी सांगितलेच आहे. तरी भगिनींनी, आणि विशेषतः ज्यांच्या घरून त्यांस ‘होय’ म्हणू दिले जात नाही त्या घरच्या पुरुषांनी, जेवणाच्या पंगतीपूर्वी त्या मेजाकडे एकदा जावे. पेन वहीस दोरीने बांधले आहे. कृपया तोडून नेऊ नये.